रवेंझोरीला गेलेले बूट

नेव्हियो पोत्सोबोन माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघायचा. माझ्या बारमध्ये कुणी नवखा शिरला, की हा कॉफीचा कप ओठाशी धरून खाली बघणार आणि मग हळूच मला सांगणार, "मारिझा, ह्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे बघ. बिचारा जन्मभर एका पायाने रडत असेल."

माझा बार कारखान्याच्या फाटकासमोरच आहे. तो माझ्या बापाने काढला, तेव्हा त्रेव्हीजोजवळच्या, टेकडीखालच्या आमच्या पट्ट्यात घरटी एक माणूस बूट करायचा. आधी डोंगर चढायचे, मग बर्फावरचे, मग सायकलवाल्यांचे. कलबूत, म्हणजे बुटाचा लाकडी साचा, कोरणारा एका गल्लीत, चामडं कापणारा दुसऱ्या गल्लीत, आणि शिलाईच्या बायका तर स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळता ढवळता शिवायच्या. पुढे मोठमोठ्या नावांनी शिलाई रोमानियात नेली, नंतर त्याहून लांब नेली, आणि गल्ल्या एकेक करून गप्प झाल्या. आमच्यासमोरचा कारखाना तेवढा तग धरून होता.

नेव्हियो तिथे सोलच्या खात्यात लागला तो मिसरूड फुटायच्या आधी. सोल्यूशनच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं, पण त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. रविवारी मात्र तो सायकल घेऊन टेकडीवर जायचा. जुने मालक, आर्दुईनो, त्यांनाही सायकलीचं वेड. गावातली पंधरावीस माणसं माझ्या दारातूनच निघायची. चढावर नेव्हियो सगळ्यांना मागे टाकायचा आणि वर पोचला की पाय टेकून मालकांची वाट बघत उभा राहायचा. एकदा आर्दुईनो घामाघूम होऊन वर आले आणि म्हणाले, "तू दर वेळी थांबतोस का रे? पुढे जात जा की."

"एकटा उतरून काय करू मालक? खाली कॉफीला कोण असणार?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला सोलच्या खात्यातून काढलं आणि विक्रीवर घेतलं. "जो माझ्यासाठी थांबतो तो गिऱ्हाइकासाठीही थांबेल," असं त्यांनी माझ्या काउंटरवरच सगळ्यांना सांगितलं. आणि तसंच झालं. नेव्हियो मोडकंतोडकं जर्मन शिकला, ऑस्ट्रियातल्या नि जर्मनीतल्या दुकानदारांच्या बायकापोरांची नावं त्याला पाठ झाली. शिलाईखात्यातल्या ग्रात्सिएल्लाशी त्याने लग्न केलं. मूल झालं नाही. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही.

मग आर्दुईनो वारले आणि मुलगा मीर्को मिलानहून परतला. मीर्को वाईट होता असं मी म्हणणार नाही. शिकलेला होता, घाईत होता, आणि बापाने त्याला जे दिलं ते आधीच अर्धं बुडालेलं होतं. जर्मन दुकानदार एकामागून एक दुकानांच्या मोठ्या साखळ्यांनी गिळले होते आणि त्या साखळ्यांना आमच्यासारख्या बारक्या कारखान्याशी बोलायला फुरसत नव्हती. मीर्कोने भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि नेव्हियोला सांगितलं, "जर्मनी विसरा. जिथे लोक आत्ता कुठे डोंगराकडे, सायकलीकडे वळतायत, तिथे आधी पोचायचं. युरोप मी बघतो. बाकीचं जग तुमचं."

नेव्हियो संध्याकाळी माझ्याकडे आला. मी विचारलं, "बाकीचं जग म्हणजे काय रे?"

"म्हणजे जिथे आपल्याला कुत्रं ओळखत नाही तिथे."

पन्नाशी उलटलेला माणूस. इंग्रजी येत नव्हतं म्हणून रात्रशाळेत पोरांच्या मांडीला मांडी लावून बसला. मग निघाला नमुन्यांची बॅग घेऊन. अल्माटीत एका दुकानदाराने त्याला तीन दिवस घरी ठेवून घेतलं, घोड्याचं मटण खाऊ घातलं, बुटांचं तोंड भरून कौतुक केलं आणि घेतला एकही नाही. लिमात प्रदर्शनात त्याला जी जागा मिळाली ती संडासाच्या दाराशेजारी. तिबलिसीत एकाने मोठी ऑर्डर द्यायचं कबूल केलं आणि त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. नेव्हियो परत येऊन हे सगळं हसत हसत सांगायचा. पण समोर कारखान्यात एकेक यंत्र झाकलं जात होतं, माणसं आठवड्यातून दोनतीन दिवसच कामावर येत होती, आणि ग्रात्सिएल्ला सकाळी अकराला बाजारात दिसायला लागली होती. शिलाईवाली बाई अकराला बाजारात दिसली, की आम्ही सगळे काय ते समजायचो.

युगांडातली बीरा त्याला नैरोबीच्या प्रदर्शनात भेटली. कासेसे गावात तिचं दुकान होतं. छत्र्या, पत्रे, सायकलींचे टायर, कंदील, सगळं विकायची. गावाच्या डोक्यावर रवेंझोरीचे डोंगर, आणि तिथल्या वाटाड्यांची, हमालांची एक संस्था होती. गोऱ्या पाहुण्यांचं सामान पाठीवर घेऊन ही माणसं गुडघाभर चिखलातून, निसरड्या खडकांवरून बर्फापर्यंत जायची, आणि पायात काय, तर रबरी गमबूट. त्यांच्यासाठी बरे बूट आणायचे हे बीराने मनावर घेतलं होतं. तिने नेव्हियोचा नमुना उचलला, त्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि तो एका वर्तमानपत्रावर ठेवून दिला. मग म्हणाली, "चला, चहा घेऊ." चहा झाला, घरच्या गप्पा झाल्या. परत येऊन तिने बूट उचलून पाहिला. कागद कोरडा होता.

"आता बोला," ती म्हणाली.

ही गोष्ट नेव्हियोने मला इतक्या वेळा सांगितली, की पुढे पुढे बीराचं वाक्य मीच आधी म्हणून टाकायची.

तो कासेसेला गेला आणि संस्थेतल्या प्रत्येक माणसाचा पाय त्याने स्वतः मापला. बाकावर बसवून, पाय मांडीवर घेऊन. लोक लाजायचे, पाय आखडून घ्यायचे, हा सोडायचा नाही. तिथले पाय पुढून रुंद, बोटं मोकळी. आमचे बूट अरुंद. परत येऊन त्याने मीर्कोच्या मागे भुंगा लावला, की नवं रुंद कलबूत पाहिजे. मीर्को म्हणाला, "एवढ्याशा ऑर्डरसाठी?" नेव्हियो म्हणाला, "पाय एवढासा नाहीये ना मालक." शेवटी सोलच्या खात्यातल्या जुन्या दीनोने जुन्या लाकडी कलबुतांना पट्ट्या चिकटवून ती रुंद करून दिली. त्या बुटांची शिलाई ग्रात्सिएल्लाने केली. बरोबर कासेसेच्या सायकल क्लबसाठी थोडे सायकलचे बूटही गेले. त्या क्लबातली पोरं केळ्यांचे घड वाहायच्या सायकलींवर शर्यती मारायची.

दोन महिन्यांनी फोटो आला. संस्थेची सगळी माणसं एका ओळीत जमिनीवर बसलेली, पाय पुढे पसरून, बुटांचे तळ कॅमेऱ्याकडे. नेव्हियोने तो माझ्या बारमध्ये आणला, आणि त्या दिवशी त्याने सगळ्यांना प्रोसेक्को वाइन पाजली. पुढच्या टोकाला बसलेल्या एका रुंद खांद्यांच्या तरुणावर बोट ठेवून म्हणाला, "हा बालुकू. ह्याच्या पायाला गुदगुल्या होतात. माप घेताना मला लाथ मारली लेकाने." मी त्याला इतकं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुसरी ऑर्डर पहिलीच्या कितीतरी पट मोठी होती. डोंगरापलीकडच्या आणखी दोन संस्थांनाही बूट हवे होते, आणि पाऊस थांबून पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत हवे होते. आता कारखान्यात ना तेवढं चामडं होतं, ना तेवढी माणसं. अर्धी यंत्रं विकून झाली होती.

त्या दिवशी दुपारी मीर्को, नेव्हियो आणि दीनो तिघं माझ्या काउंटरशी उभे होते. मी ग्लास पुसत होते.

मीर्को म्हणाला, "मागच्या शेडमध्ये जर्मनांनी रद्द केलेला माल पडलाय ना? रुंद मापांचा. तो पाठवू."

नेव्हियो म्हणाला, "तो किती जुना आहे मालक?"

"जुना कसला? खोक्यातून बाहेरसुद्धा आलेला नाही."

"त्यानेच तर," दीनो म्हणाला. दीनो कमी बोलायचा. "सोलच्या आतला मऊ थर पडून पडून कुजतो. घातलेला बूट एक वेळ टिकतो, ठेवलेला नाही. सात वर्षं झाली असतील त्याला."

"म्हणजे खराब झालाच असेल असं आहे का?"

"नाही. झाला असेल किंवा नसेल. हातात धरून कळत नाही. आज चांगला, उद्या भुगा."

"मग झालं तर!" मीर्को म्हणाला. "नेव्हियो, तुम्ही सांगा. ऑर्डर सोडायची? सोडली, तर मी सोमवारी युनियनला बोलावून फाटक बंद करतो. तुमची बायको, दीनो, सगळे घरी. मला काही हौस नाही."

नेव्हियो शेडमध्ये गेला. त्याने बूट काढले, वाकवले, सोलमध्ये अंगठा दाबून पाहिला. एक जोड पायात घालून तो तासभर आवारात चालला. मी खिडकीतून बघत होते. फाटकापासून शेडपर्यंत, शेडपासून फाटकापर्यंत. बुटांना काही झालं नाही. तो आत आला आणि म्हणाला, "चांगले वाटतायत."

मी म्हटलं, "मग तोंड असं का केलंयस?"

"काही नाही गं. कॉफी दे."

कंटेनर गेला. त्या पैशांवर उन्हाळाभर कारखाना चालला. ग्रात्सिएल्ला अकराला बाजारात दिसेनाशी झाली.

फोन आला तो शनिवारी सकाळी. बार भरलेला होता. नेव्हियो रविवारच्या फेरीबद्दल कुणाशी तरी थट्टा करत होता. फोन कानाला लावून त्याने हसतच "बीरा!" म्हटलं. मग ऐकत राहिला. त्याचं इंग्रजी मला कळत नव्हतं, पण त्याने "कुठला पाय?" असं विचारलं, आमच्या भाषेत विचारलं आणि पुन्हा इंग्रजीत विचारलं, तेव्हा मी कॉफीचं यंत्र बंद केलं.

उतरताना, ओल्या खडकावर, बालुकूच्या उजव्या बुटाचं सोल एकदम निघून गेलं होतं. पाठीवर पाहुण्यांचा तंबू आणि भांडी. तो खाली घळीत पडला. पाय दोन ठिकाणी मोडला, हाड बाहेर आलं. सोबत्यांनी त्याला बांबूच्या डोलीत घालून खाली आणलं, पण वाट लांब होती आणि चिखल जखमेत गेला होता. इस्पितळात गुडघ्याखालून पाय कापावा लागला. बाकीच्यांचे बूटही सुटायला लागले होते. कुणाचे वाटेत, कुणाचे घरात नुसते ठेवल्या जागी.

नेव्हियो तसाच रस्ता ओलांडून मीर्कोच्या घरी गेला. परत आला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वकिलाशी बोलेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही, फोन उचलायचा नाही. सॉरीसुद्धा म्हणायचं नाही. सॉरी म्हणजे कबुली."

"मग?"

"मी तिकीट काढतोय."

ग्रात्सिएल्लाने त्याला अडवलं नाही. फक्त म्हणाली, "तू जाऊन त्याचा पाय परत येणार आहे का?" तो म्हणाला, "नाही." तिने त्याची बॅग भरली.

तिथलं त्याने मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, पुढच्या महिनाभरात. दुकानामागे बीराने सगळे बूट परत मागवून ढीग घातला होता. वरचं चामडं चकचकीत, नव्या कोऱ्या बुटांसारखं, आणि खाली सोलच्या जागी शिळ्या केकसारखा भुगा. ती त्याला आत या म्हणाली नाही. उंबऱ्यावरच बोलली.

"मी तुमच्या बुटात पाणी ओतून पाहिलं होतं," ती म्हणाली. "वर्षं मोजायची कशी, ते मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं?"

त्याने ढिगातला एक बूट उचलला.

"बोला ना. माहीत होतं?"

"शंका होती."

"शंका," बीरा म्हणाली. "मग ती शंका तुम्ही मला का नाही पाठवलीत? बुटांबरोबर खोक्यात घालायची. मी वाचली असती." आणि मग म्हणाली, "तुम्ही विमानात बसून घरी जाल. मी कुठे जाऊ? त्यांना बूट मी दिले. तुमचा देश कुठेय हे बालुकूच्या आईला माहीत नाही. तिला माझं दुकान माहीत आहे."

बालुकूच्या घरी मात्र कुणी आवाज चढवला नाही. नेव्हियोला तेच सहन झालं नाही. बालुकूच्या बायकोने उकडलेली केळी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. बालुकू चटईवर बसला होता, मांडीवर चादर. तो म्हणाला, "काका, आधीचे बूट चांगले होते. अजून माझ्या भावाच्या पायात आहेत. मला वाटलं, हेही तसेच असतील."

नेव्हियो म्हणाला, "चूक माझी आहे."

बालुकूने मान हलवली. चूक कुणाची ह्याने त्याला काही फरक पडत नसावा. त्याने विचारलं, "तुमच्याकडे पाय करतात का? बीराताई म्हणाली, तिकडे लाकडाचे नाहीत, चांगले करतात. घोट्यात वाकणारे. तसा असेल तर मी डोंगरावर नाही, पण निदान खालच्या तळावर स्वयंपाकाला जाईन."

"करतात," नेव्हियो म्हणाला. "मी आणून देतो."

परत आल्यावर नेव्हियोला तो पायच दिसत होता. मीर्कोने दार उघडलं नाही. त्रेव्हीजोमधल्या वकिलाने विचारलं, दावा कुठल्या देशात लावायचा, कुणी लावायचा, आणि तोवर कंपनी असणार आहे का. हा शेवटचा प्रश्न खरा होता. कारण एक मोठा उद्योगसमूह कारखान्याचं नाव विकत घ्यायला आला होता. कारखाना नाही, माणसं नाहीत, फक्त नाव. ते पैसे आले, तरच कामगारांना त्यांच्या हक्काचं काही मिळणार होतं, आणि मीर्कोने सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की बुटांची भानगड बाहेर आली तर समूह पाठ फिरवेल.

नेव्हियो तरीही बोलला. युनियनच्या बैठकीत उभा राहिला आणि सांगितलं, की आपल्या बुटांनी एका माणसाचा पाय गेलाय, विक्रीच्या कागदांत भरपाईसाठी त्याचंही नाव घालायला लावू या. बैठक माझ्याच मागच्या खोलीत होती. शिलाईच्या आडा नावाच्या बाईने त्याला तिथल्या तिथे विचारलं, "आणि आमचे पाय कोण बघणार रे नेव्हियो? तीस वर्षं पायाने यंत्र चालवलंय मी. मला बसता येत नाही, उठता येत नाही. माल पाठवलास तू, आणि भरायचं आम्ही?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पोप व्हायला निघालाय."

दीनो उठला आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं सोलबद्दल." एवढंच बोलून तो खाली बसला. ते नेव्हियोच्या बाजूने होतं की विरुद्ध, हे कुणालाच कळलं नाही. ग्रात्सिएल्ला भिंतीशी उभी होती. मतं घेतली तेव्हा तिने हात वर केला नाही. ना ह्या बाजूला, ना त्या. ती सरळ घरी गेली.

ठराव पडला. पुढच्या रविवारी नेव्हियो नेहमीसारखा सायकल घेऊन, कपडे चढवून माझ्या दारात आला. कुणी नव्हतं. तो उभा राहिला. मी बाहेर खुर्च्या मांडत होते. मला माहीत होतं, की सायकलवाले आता चर्चमागच्या चौकातून निघतात. आडाच्या नवऱ्यानेच शुक्रवारी सगळ्यांना तसं कळवलं होतं. मी त्याला सांगितलं. न सांगून काय करणार?

"चर्चमागून चढ लवकर लागतो," तो म्हणाला. "बरोबर आहे." आणि सायकल हातात धरून चालत घरी गेला. त्यानंतर तो टेकडीवर गेला नाही.

नाव विकलं गेलं. कामगारांना मिळायचं ते मिळालं, पण वाटलं होतं त्याहून कितीतरी कमी. त्यात बालुकूचा काही हात नव्हता. मीर्को मिलानला परत गेला. नेव्हियोने पार्सलं पोचवायची गाडी चालवायला घेतली. ग्रात्सिएल्ला एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला जाते.

पायाचं मात्र त्याने सोडलं नाही. कृत्रिम अवयव करणाऱ्या एका कार्यशाळेत जाऊन तो बसून राहायचा. शेवटी तिथल्या माणसाला दया आली की कंटाळा आला, कोण जाणे, तो तयार झाला. बीराने फोनवर मापं सांगितली, नुसती मापं, बाकी एक शब्द नाही. पाय तयार झाला. घोट्यात वाकणारा. जुन्या रुंद कलबुतांवर दीनोने त्याला नवा बूट करून दिला, नव्या सोलचा. नेव्हियोने तो पाय माझ्याकडे दाखवायला आणला होता. टेबलावर ठेवला तर बाजूची दोन गिऱ्हाइकं उठून गेली.

"तू स्वतः जाऊन दे ना," मी म्हटलं.

"सुट्टी मागितली तर गाडी दुसऱ्याला देतील. ग्रात्सिएल्लाला पुन्हा नाही सांगू शकत मी."

त्याने पाय कुरिअरने पाठवला. तो तिकडे कुठल्याशा गोदामात अडकला. एक कागद कमी होता, तो पाठवला तर दुसरा कमी निघाला. हिवाळा गेला. बीरा आधी फोन उचलून "नाही आला" म्हणायची, मग उचलेनाशी झाली. शेवटी एकदा तिच्या भावाने उचलला. बीराने दुकान बंद केलं होतं. वाटाड्यांनी तिच्याकडून काही घ्यायचं सोडलं होतं. ती मुलीकडे कंपालाला गेली. आणि बालुकू? बालुकू घरदार उचलून सीमेपलीकडे, काँगोत, कुणा नातेवाइकाकडे. तिकडे गडबड चालू आहे. नंबर नाही.

"पायाच्या जखमेचं काय? बरी आहे ना ती?" नेव्हियोने विचारलं होतं.

भाऊ म्हणाला, "जाताना कुबड्यांवर होता. ताप होता थोडा."

चारपाच महिन्यांनी खोकं परत आलं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. योगायोग असा, की ते नेव्हियोच्याच गाडीत चढवलेलं होतं. त्याने स्वतःच स्वतःच्या घरी पोचवलं आणि पोचल्याची सही केली. पाय आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे उभा आहे. ग्रात्सिएल्ला म्हणते, "झाडू मारताना त्याला बाजूला ठेवावं लागतं. टाकून दे म्हणू शकत नाही. पाय कसा टाकायचा?"

मागच्या वसंतात एक मुलगी माझ्या बारमध्ये आली, त्या समूहाची, ज्यांनी नाव घेतलंय त्यांची. आलेस्सिया. नीटनेटकी, बोलायला गोड. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की आफ्रिकेतलं सगळं नेव्हियो पोत्सोबोनला ठाऊक आहे. तो गाडी बाहेर उभी करून कॉफीला आला होता. ती त्याच्यासमोर बसली.

"तुमचे युगांडात चांगले संबंध होते म्हणे, सर. तिथली बाजारपेठ आत्ता खरी उघडतेय. सायकलिंग, ट्रेकिंग, सगळंच. आम्ही नव्याने सुरुवात करतोय."

"माल कुठून जाणार?" नेव्हियोने विचारलं.

"व्हिएतनाममधून. पण नाव इथलंच."

"गोदामात किती दिवस पडून असतो?"

"ते माझ्याकडे येत नाही," ती हसून म्हणाली. "त्याचं खातं वेगळं आहे."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. बालुकूचा पाय, भुगा, बैठक, सगळं. आवाज न चढवता, दहाएक मिनिटांत. मुलीचं तोंड उतरलं. ती वाईट नव्हती. म्हणाली, "फार वाईट झालं. पण ती आधीची कंपनी होती ना, सर?"

"हो," नेव्हियो म्हणाला. "आधीची."

तिने बीराचा नंबर मागितला. त्याने दिला. "लागत नाही," तो म्हणाला. "पण करून बघा. नवा नंबर दिसला तर उचलेल कदाचित."

मुलगी कॉफीचे पैसे ठेवून निघून गेली. नेव्हियो बसून राहिला. बाहेर गाडी रस्त्यात आडवी उभी होती आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"बीराने उचलला तर ही मुलगी विचारेल का गं बालुकूचं?" त्याने मला विचारलं.

"विचारेल," मी म्हटलं.

"नाही विचारणार," तो म्हणाला, आणि गाडी काढायला उठला.

चार दिवसांनी आलेस्सियाचा मला फोन आला, नेव्हियोला निरोप द्या म्हणाली. तो नंबर आता कुणाचाच नाही.